कांद्याला दिसणारे हौसेराव

कांद्या जासईला गेला असता, तर फायदा कुणाचा होता? हिशेब सोपा आहे. चेअरमन दिनानाथरावांचा. घणसोलीच्या त्या सोसायटीतून कांद्या नावाचा एक कुत्रा बाहेर काढायला हा माणूस कित्येक वर्षं धडपडत होता. नोटीस लावून झाली, सह्या गोळा करून झाल्या. लिफ्टमध्ये 'श्वानांस मनाई' असा बोर्ड चढला आणि वकिलाने डोळे वटारल्यावर गुपचूप उतरला. कायदा कुत्र्याच्या बाजूचा निघाला, म्हणून दिनानाथरावांनी भूत कामाला लावलं. भुतावर स्टे आणता येत नाही.

दुसरा फायदा त्यांनीच बोलावून आणलेल्या गोटीराम महाराजांचा. दिनानाथरावांना एका कुत्र्याची अडचण होती, महाराजांना त्याच कुत्र्यात अख्ख्या सेक्टरचं गिऱ्हाईक दिसत होतं.

गुरुवारी संध्याकाळी चौथ्या मजल्यावर चपलांचा ढीग जिन्यापर्यंत पोचला होता. कुणी नारळ आणला होता, कुणी आपल्या घरचं मांजर. आत उज्वलाच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. मधोमध कांद्या बसला होता, नऊ वर्षांचा, तांबूस, एक कान मोडलेला. वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोणीमागे सापडलेलं हे पिल्लू उज्वलाच्या सासऱ्यांनी, हौसेरावांनी, सदऱ्यात घालून घरी आणलं होतं. दिवाळीनंतर हौसेराव गेले आणि तेव्हापासून कांद्याची झोप उडाली.

मध्यरात्र उलटली की तो उठायचा. फरशीवर नखं टकटक वाजवत घरभर फिरायचा. मग दाराजवळच्या भिंतीपाशी बसून, मान वर करून, बारीक आवाजात रडायचा. त्या भिंतीवर हार घातलेला हौसेरावांचा फोटो होता. उज्वलाच्या पुतण्याने त्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि सकाळपर्यंत त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

"ह्ये येत्यात गं," सासूबाई रंगूबाई डोळ्याला पदर लावायच्या. "आपल्याला दिसत न्हाईत. मुक्या जिवाला दिसत्यात."

उज्वला बेलापूरच्या सरकारी ऑफिसात लेखा विभागात होती. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची बिलं तपासून तिला एक खोड लागली होती. कुणी फार गोड बोललं की सही कुठे करायची ते ती आधी बघायची. पण सासूबाईंच्या डोळ्यांतलं पाणी काही बिल नव्हतं.

"कुत्रं म्हणजे काय?" महाराजांनी गर्दीला विचारलं आणि उत्तर स्वतःच दिलं. "कुत्रं म्हणजे यमाचा सीसीटीव्ही! रेकॉर्डिंग चोवीस तास चालू. तुमची फ्रिक्वेन्सी लो, त्याची हाय. हौसेरावांचा आत्मा या भिंतीत अडकलाय. नेटवर्क आहे, पण रेंज नाही!"

"खरंय महाराज," दिनानाथराव म्हणाले. एरवी ते लिफ्टच्या बिलावर दोन तास वाद घालत.

मग महाराजांनी विधी केला. आधी कांद्याला घेऊन पिंपळासकट अख्ख्या बागेला पाच प्रदक्षिणा. आता गंमत बघा. हौसेराव गेल्यावर महिन्याभरातच दिनानाथरावांनी नियम केला होता: रात्री आठनंतर कुत्रा खाली आणायचा नाही. पण धार्मिक कार्य म्हटल्यावर त्यांनी साडेनवाला स्वतः बागेचं कुलूप काढलं. अख्खी सोसायटी हात जोडून, डोळे मिटून कुत्र्यामागे फिरली. वर येऊन आरती झाली.

आणि त्या रात्री कांद्या गाढ झोपला! चमत्कार!

शुक्रवारी पुन्हा टकटक, पुन्हा रडणं. महाराजांनी फोनवर तोडगा सांगितला. झोपताना कुत्र्याला एक तांब्या मंत्रवलेलं तीर्थ पाजायचं, गूळ आणि चिमूटभर मीठ घालून, थेंब उरता कामा नये. कांद्याला गूळ आवडायचा, तो तांब्या चाटूनपुसून साफ करायचा. रडणं वाढलं, तेव्हा महाराज म्हणाले, "आत्मा जोर करतोय. दोन तांबे द्या." पुढच्या गुरुवारी महाराज आले, प्रदक्षिणा झाल्या, कांद्या झोपला. शुक्रवारी पुन्हा तेच.

शेवटी महाराजांनी निकाल दिला. "या जनावराने आत्मा धरून ठेवलाय. रविवारपर्यंत शांत झालं नाही, तर घराबाहेर काढा. नाहीतर घरातलं आणखी एक माणूस..."

वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. उरलेलं रंगूबाईंनी मनात पुरं केलं आणि मुलगा सयाजी, सून, नातवंडं, सगळ्यांची तोंडं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. दिनानाथरावांनी जागा आधीच बघून ठेवली होती: जासईला मित्राचं गोडाऊन, गेटपाशी साखळी. "राखणीला लागेल, वहिनी. रविवारी टेम्पो सांगतो मी."

शनिवारी ऑफिसला सुट्टी होती, तेव्हा उज्वलाने कांद्याला जनावरांच्या डॉक्टर अबोलीताईंकडे नेलं. त्यांनी त्याचे सांधे दाबून पाहिले, डोळे बघितले, लघवी आणि रक्त तपासलं.

"किडनी, साखर, सगळं ठीक आहे. वयाने रात्री गोंधळणारे कुत्रे असतात, पण हा तसा वाटत नाही. शेवटचा बाहेर कधी जातो?"

"संध्याकाळी सहाला. आधी मामंजी रात्री जेवून न्यायचे. आता आठनंतर बंदी आहे. मिस्टर रात्रीच मार्केटला जातात, मग मीही सोडून दिलं."

"आणि पाणी?"

"झोपताना. दोन तांबे." उज्वलाने खाली बघितलं. "मंत्रून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, मला दोन तांबे गुळाचं पाणी पाजून बाहेरून कडी घातलीत, तर मीसुद्धा भिंतीकडे बघून रडेन!"

उज्वला हसली, मग तिला स्वतःचाच राग आला. तरी एक प्रश्न उरलाच. "पण फोटोकडेच का बघतो?"

"ते मला इथून कसं दिसणार? घरी जाऊन त्याच्या उंचीवरून बघा."

उत्तर कांद्यानेच दिलं. उज्वलाने घरी येऊन त्याचा फिरायला न्यायचा पट्टा धुतला आणि गॅलरीत वाळत घातला. अंधार पडल्यावर कांद्या उठला, फोटोला पाठ करून सरळ गॅलरीत गेला आणि दोरीखाली बसून रडू लागला.

"बग, आता गॅलरीत गेले," रंगूबाई पुटपुटल्या.

उज्वलाने वर पाहिलं. दोरीवर तिचा परकर, दोन टॉवेल आणि कांद्याचा पट्टा. जिवंतपणी मामंजींनी दोरीवर कधी रुमाल टाकला नाही. मेल्यावर परकर बघायला येतील? तिने भिंतीकडे नजर टाकली. फोटोच्या बरोबर खाली एक रिकामी खुंटी होती. पट्टा नेहमी तिथे टांगलेला असायचा. माणसं फोटो बघत होती, कुत्रा पट्टा.

आठ वाजून गेले होते. उज्वलाने पट्टा काढला आणि नियम मोडून त्याला खाली नेलं. त्या रात्री तीर्थ मोरीत गेलं आणि कांद्या सकाळपर्यंत हलला नाही. सासूबाईंना ती काही बोलली नाही. घरात सांगून भागणार नव्हतं; भूत अख्ख्या सोसायटीत शिरलं होतं, ते सोसायटीच्या सभेतच उतरवायला हवं होतं.

रविवारी कांद्याचा निकाल लावायला सोसायटीच्या हॉलमध्ये सभा भरली. खाली टेम्पो उभा होता. सभेआधी खात्री म्हणून दुपारीही तीर्थ रंगूबाईंनी स्वतःच्या हाताने पाजलं होतं. कांद्या हॉलमध्ये आला, हवा हुंगली आणि थेट दिनानाथरावांच्या खुर्चीमागे जाऊन बसला. मान वर करून रडू लागला.

महाराजांना एवढी संधी पुरली. "आले! हौसेराव आले! चेअरमनसाहेबांच्या मानगुटीवर बसलेत!"

आजूबाजूच्या खुर्च्या कर्रकन मागे सरकल्या. दिनानाथराव पांढरेफटक पडले. "अहो, काय बोलताय महाराज! माझ्या मानेवर कशाला? असलं काही नसतं!"

"सेक्रेटरीसाहेब, लिहून घ्या," उज्वला उठली. "चेअरमन म्हणतात, असलं काही नसतं."

तिने चेअरमनांच्या खुर्चीला अडकवलेल्या पिशवीत हात घातला आणि पट्टा बाहेर काढला. सभा सुरू होण्याआधी तिनेच तो तिथे ठेवला होता. पट्टा डावीकडे नेला, कांद्या डावीकडे गेला. महाराजांच्या नाकासमोर धरला, तेव्हा तो महाराजांसमोर बसून रडला.

"आता आत्मा तुमच्यात शिरला की काय?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मग गुरुवारी कसा झोपायचा?" एकाने विचारलं.

"पाच प्रदक्षिणांत त्याने प्रत्येक झाडाला काय वाहिलं, ते तुम्ही पाहिलं नाहीत. डोळे मिटले होते ना तुमचे. पोट हलकं, पाय दमलेले, मग झोप नाही लागणार? आणि इतर रात्री आपण त्याला दोन तांबे पाजायचो, दार लावून घ्यायचो. रडला की म्हणायचो, आत्मा!"

"श्रद्धा नसेल तर फळ नाही," महाराज उठू लागले.

"बसा ना. तीर्थ तुमचंच आहे. दोन तांबे घ्या आणि सभा संपेपर्यंत खुर्ची सोडू नका."

महाराजांनी घड्याळात पाहिलं. त्यांना अचानक पनवेलला कुणाचं तरी संकट आठवलं. हॉलभर हशा उसळला, पण त्यात रंगूबाई नव्हत्या.

"म्हंजी," त्या हळूच म्हणाल्या, "ह्ये आलेच न्हवते?"

हशा थांबला. उज्वला त्यांच्याजवळ जाऊन बसली. "नाही, आत्या. पण कांद्या त्यांना विसरला नाही. जेवण झालं की मामंजी पट्टा काढायचे, ती वेळ त्याच्या अंगात आहे. तीच तो मागत होता. आपण त्याचं भूत केलं."

रंगूबाईंनी कांद्याचा मोडका कान चोळला. मग त्यांनी सुनेच्या हातातून पट्टा घेतला. "मंग ही सवय मी मोडू देनार न्हाई. रातच्याला मी न्हेनार ह्येला. बगू कोन आडवतो."

दिनानाथरावांकडे सगळ्यांनी पाहिलं. आठ वाजताचा नियम त्याच सभेत रद्द झाला.

तात्पर्य सांगायला महाराज लागत नाहीत. मुका जीव रात्री बेचैन झाला, तर आधी डॉक्टरला दाखवा. तो दिवसभरात पुरेसा फिरला का, निजण्याआधी बाहेर गेला का, आपण त्याच्या दिनक्रमात काय बदललं, ते बघा. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या तोंडी आपल्या मेलेल्या माणसांना घालू नका. आणि कुणी घातलंच, तर त्यात कुणाचं भलं होतंय, तेवढं विचारा.

राहिला हिशेब. महाराजांची दक्षिणा रंगूबाईंनी भरली, ती परत आली नाही. रात्रीची झोप उज्वलाने भरली. सगळ्यात जास्त कांद्याने भरलं, रोज पहाटेपर्यंत कळ काढत. पण सभा सुटल्यावर रंगूबाईंबरोबर खाली उतरला, तेव्हा त्याने जासईच्या टेम्पोचं पुढचं चाक नीट हुंगलं आणि एक पाय वर केला.

त्या टेम्पोचं भाडं मात्र दिनानाथरावांनी भरलं. जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही.