मोठ्या पडद्यावरचं लग्न

रंगनाथ अपघातात गेला, त्याला पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून त्याची आई चतुराबाई रोज संध्याकाळी त्याच्या लग्नाची सीडी लावायला सांगे. उज्वला, त्याची बायको, अंबडच्या कारखान्यातून येऊन आधी सीडी लावी, मग चहा टाकी.

२००९च्या दिवाळीला तिच्या धाकट्या दिरानं, वेगळं राहणाऱ्या शेखरनं, घरातला जुना टीव्ही एक्सचेंजमध्ये देऊन बत्तीस इंची एलसीडी आणला. सीडी लावली, तर रंगनाथचा चेहरा चपटा आणि चौकड्या-चौकड्यांचा.

"माझ्या पोराचं तोंड कुणी फोडलं?" चतुराबाई रडायलाच लागल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत.

उज्वलेला चाकणच्या शाखेत बढती मिळाली होती. होकार सोमवारी द्यायचा होता. घरी अजून बोलली नव्हती. सीडी नीट दिसू लागली की मोकळ्या मनानं जाता येईल, असं तिनं ठरवलं.

एम. जी. रोडवरच्या दुकानदारानं तिला समजावलं, "ताई, जुन्या सीडीत चित्रच लहान असतं. मोठ्या पडद्यावर ताणलं की फाटतं. चित्र मोठं करून देणारा प्लेअर घ्या, एचडीएमआय वायर लावा. रुंदी जुन्या टीव्हीसारखी ठेवा आणि शार्पनेस पार कमी करा."

रविवारी दुपारी तिनं सगळं जोडलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, चौकड्या विरघळल्या आणि मधोमध रंगनाथ हसला. चतुराबाईंनी पडद्यावर हात फिरवला.

उज्वलेनं तेवढ्यात सांगून टाकलं. "आई, माझी बदली होतेय. चाकणला. तुम्ही शेखरभाऊजींकडं राहाल ना?"

"जा की. म्या कुठं अडवते?" चतुराबाईंची नजर हलली नाही. "पन हे बघ. सप्तपदीत त्यानं तुझा हात किती घट धरलाय. बारक्या टीव्हीवर कधी दिसलंच नव्हतं."

उज्वलेनं पाहिलं. खरंच, बोटं पांढरी पडेपर्यंत धरला होता. तिला स्वतःला ते आठवत नव्हतं.

"सोडायचाच नव्हता त्याला," चतुराबाई म्हणाल्या.

सोमवारी साहेबांनी विचारलं, तेव्हा उज्वला म्हणाली, "घरी अडचण आहे." साहेबांनी दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुढं पाठवलं.

संध्याकाळी ती दारात चपला काढत होती, तोच आतून आवाज आला, "आलीस? लाव की गं." उज्वलेनं पर्स खुंटीला अडकवली आणि रिमोट उचलला. चतुराबाई पलंगावर जरा सरकल्या, तिला बसायला जागा केली. ती बसली.