आमचे तास

आई गेली त्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट शोधत होते. वर्षातून एकदाच ते शर्टासाठी घर डोक्यावर घ्यायचे, तक्ता प्रसिद्ध व्हायचा त्या दिवशी. ते सरकारी सांख्यिकी कार्यालयात होते. एक कामगार मालकाला तासाला केवढ्याला पडतो, पगार, विमा, भत्ते सगळं धरून, हे काढायचं त्यांचं काम. असे देशोदेशीचे आकडे शेजारी शेजारी मांडले की झाला तक्ता. इतर घरांत ‘परीक्षा’ हा शब्द जसा दबक्या आवाजात उच्चारतात, तसा आमच्या घरी ‘तक्ता’.

“शर्ट खुर्चीवर आहे. तुमच्या नाकासमोर,” आई डबे भरता भरता म्हणाली. “आकडे तरी दिसतात ना नीट?”

“पत्रकार यायचेत गं. घाई आहे.”

“मग काळजी नको. त्यांनाही दिसत नाहीत.”

बाबा हसले. आईने डब्याचं झाकण दाबून बसवलं. “आणि माझे हे डबे भरण्याचे तास कुठल्या रकान्यात जातात?”

“ते धरत नाहीत.”

“वाटलंच. पिकतं तिथे विकत नाही.”

मग चपला घालून, पिशवी खांद्याला लावून ती दारात थांबली. “अहो, आमचे तास आले ना या वेळी?”

बाबा मनगटाचं बटण लावत होते. “आले,” ते म्हणाले.

आई माझ्याकडे बघून हसली आणि जिना उतरली. उतरताना ती गुणगुणत होती. हे मी नंतर रचलेलं नाही. तिला सूर नव्हता, म्हणून लक्षात राहिलं.

‘आमचे तास’ म्हणजे काय ते सांगते. आई तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई विभागाची मुकादम होती. पाळी संपली की सगळ्या बायका यंत्रात हजेरीचं कार्ड पंच करत आणि परत मशीनवर येऊन बसत. ‘बसा’ असं कुणी तोंडाने म्हणत नसे. पण जी उठून गेली, तिचं नाव पुढच्या आठवड्याच्या पाळीत नसे. कागदावर त्या सगळ्या घरी गेलेल्या असत.

यातली मेख बाबांनीच मला समजावली होती. एकूण खर्च भागिले तास. तास कमी दाखवले की भागाकार फुगतो. “अंशाकडे सगळे बघतात, बयो,” ते म्हणाले होते, “छेदाकडे कुणी बघत नाही.” त्या फुगलेल्या आकड्यामुळे आमचा देश तक्त्यात बऱ्यापैकी वर दिसायचा. आपला कामगार आता स्वस्त राहिला नाही, असं मोठे लोक भाषणात सांगायचे.

बाबांना हे खटकत होतं, आणि ते खटकणं खरं होतं. म्हणूनच एका सुटीच्या दिवशी त्यांनी आईला विभागातल्या बायकांना घरी बोलवायला सांगितलं. स्वयंपाकघरात खुर्च्या पुरेनात, म्हणून दोघी पिंपावर टेकल्या. सगळ्यांत वयस्कर होत्या त्यांना विभागात मावशी म्हणत. त्यांनी आधी विचारलं, “साहेब, आमची नावं कुठे जायची नाहीत ना?”

“नावं नकोत मला. फक्त तास सांगा.”

मग त्या बोलायला लागल्या, आणि बाबा मध्ये न बोलता ऐकत राहिले. पिंपावरची एक आईला म्हणाली, “ताई, तुमचे साहेब नवऱ्यासारखे वाटत नाहीत. ऐकून घेतात.”

“नवराच आहे तो,” आई म्हणाली. “आजच ऐकतोय.”

निघताना बाबांनी सगळ्यांना शब्द दिला की या वेळच्या तक्त्यात हे तास येतील.

तर त्या दिवशी संध्याकाळी आईने कार्ड पंच केलं, ती परत आत गेली, आणि एका मुलीच्या मशीनमधला अडकलेला दोरा सोडवायला वाकली ती उठलीच नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. मी पोचले तेव्हा तिच्या बोटाला दोऱ्याचा निळा तुकडा चिकटलेला होता.

कारखान्याचे व्यवस्थापक भेटायला आले. वाईट झालं, म्हणाले. मग खालच्या आवाजात, “तशा त्या कामावर नव्हत्या. पंच करून गप्पा मारत थांबल्या होत्या.” जिने आयुष्यात कधी बसून चहा प्यायला नाही, ती म्हणे गप्पा मारत गेली.

मावशींनी कामगार कार्यालयात अर्ज दिला. आई कामावर असताना गेली हे ठरलं असतं, तर पंच केल्यानंतरचं सगळ्यांचंच काम खरं ठरणार होतं. नाही ठरलं, तर आई गप्पा मारत मेली.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी तक्ता उघडला. मी एका प्रकाशनात संपादक आहे. मजकुराआधी तळटीपा वाचायची खोड आहे. कपडे उद्योगाखाली लिहिलं होतं : तास आस्थापनांच्या हजेरीनोंदीनुसार. गेल्या वर्षीचंच वाक्य. त्यातली भाषा कधीकाळी मीच सुधारून दिली होती.

बाबा मोरीशी कप विसळत होते.

“आईचे तास कुठे आहेत?”

त्यांनी नळ बंद केला नाही. “शेवटच्या बैठकीत गळले. चार बायकांच्या सांगण्यावरून देशाचा आकडा खाली आणता येत नाही, बयो. पुढच्या वर्षी रीतसर पाहणी करू.”

“तुम्ही तिला ‘आले’ म्हणालात.”

“ती कामाला निघाली होती. दारात काय सांगणार? संध्याकाळी सांगणार होतो.”

मी तक्ता मिटला. आमच्या घरी बाबांना उलटून बोलायची पद्धत नव्हती. थट्टा आई करायची, आणि तीही थट्टाच. शिवाय मला वाटलं, उद्या तरी ते सांगतील.

चौकशीच्या खोलीत काच लावलेलं टेबल होतं आणि भिंतीशी बाक. बाकावर मावशी आणि पिंपावर टेकलेल्या त्या दोघी. समोर व्यवस्थापक आणि त्यांचे वकील. अधिकारी बाईंनी बाबांना विचारलं, “पंच केल्यानंतरही त्या काम करायच्या, हे तुम्हाला माहीत होतं?”

बाबांच्या आधी वकीलच बोलले. “साहेबांच्याच तक्त्यात आमच्या उद्योगाचे हजेरीचे तास धरलेत, मॅडम. इतक्या देशांसमोर मांडलाय तो आकडा. तो चुकीचा आहे का, साहेब?”

बाबांनी मनगटाचं बटण चाचपलं. तोच शर्ट होता.

“आकडा बरोबर आहे,” ते म्हणाले. “घरी ती काही बोलायची. पण ते घरचं बोलणं झालं. मला नक्की माहीत नाही.”

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिल्या. वकिलांनी पेनाला टोपण लावलं.

“आणखी कुणाला काही सांगायचंय?” बाईंनी विचारलं.

मी उठले. अधिकारी बाईंकडे बघून बोलायचं असतं, ते मला सुचलं नाही.

“बाबा, तुम्ही खोटं बोलताय,” मी म्हणाले. “आई कामावर होती. तुम्हाला माहीत होतं. आपल्या स्वयंपाकघरात या तिघींना तुम्हीच विचारलं होतंत, आणि मी चहा देत होते.”