हिरव्या खणातला रुमाल

माझे वडील, त्र्यंबक मास्तर, म्हणजे आमचे नाना, जुने कागद लाल फडक्यात बांधून ठेवत. अशा गाठोड्याला इतिहासवाले रुमाल म्हणतात. नाना गेल्यावर सगळे रुमाल कल्याणच्या एका वाचनालयाला द्यायचे आणि तिथे नानांच्या नावाची संगमरवरी पाटी लावायची, असं मी ठरवलं. बांधाबांध करताना लाल गठ्ठ्यांखाली एक वेगळाच रुमाल निघाला, हिरव्या खणात बांधलेला. आत चिठ्ठी: ‘विमलाबाई, मानपाडा. परत करणे. १९९१.’

माझं डोकंच फिरलं. उसना कागद परत न देणाऱ्या मित्राशी नानांनी जन्मभर अबोला धरला होता. मग हे काय? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण? खरं कळेपर्यंत पाटीवर त्यांचं नाव घालायला मन धजेना. रिक्षा केली आणि मानपाडा गाठलं.

विमलाबाईंनी आधी खण ओळखला.

“माझ्या ओटीतला हाय. मास्तर तीनदा परत द्यायला आलेले. मीच नाय घेतला.”

“का हो?”

“घरात कुणाला हे जुनं अक्षर वाचता येत नव्हतं. वाळवीला घालू? म्हटलं, आमच्यात कुणी हे वाचणारं झालं की आणा. मग दर दसऱ्याला सोनं द्यायला यायचे नि विचारायचे, ‘झालं का कुणी?’”

मला माझीच लाज वाटली. तेवढ्यात त्यांची कॉलेजात जाणारी नात रुचिता कागदावर वाकली.

“हे मराठीच आहे? एक अक्षर कळत नाहीये.”

“मोडी लिपी आहे. शिकशील?”

“शिकवणार कोण?”

मीच. नानांनी लहानपणी कान पिळून शिकवली होती, तेव्हा किती चिडायचे मी!

पाटीचा बेत रद्द केला. लाल रुमाल वाचनालयाला दिले आणि तिथेच नानांच्या नावाने रविवारचा मोडीवर्ग सुरू केला. रुचिता पहिल्या बाकावर.

दसऱ्याला हिरवा रुमाल घेऊन पुन्हा मानपाड्याला गेले. रुचिता बोट ठेवत, अडखळत आजीला वाचून दाखवू लागली. कागद साधाच होता, त्यांच्याच घराण्यातल्या दोन भावांचा, शेताच्या बांधावरून झालेल्या तंट्याचा.

“म्हंजे भांडखोर आम्ही तवापासूनचेच!” विमलाबाई खळखळून हसल्या. मग आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, “हे मास्तरांचं. फोटोपुढं ठेवा नि सांगा त्यांना, झालं कुणी.”

नाना गेल्यापासून मी रडले नव्हते. तिथे रडले.