मदीहाचा डावा हात

लग्न झाल्यापासून मदीहाचा डावा हात ओढणीखालीच असायचा. उजवा हात जे करी, तेच तोही आपोआप करायचा. उजव्याने वरण ढवळलं की डावा हवेत ढवळायचा. चिमूरच्या बाजारात ज्याच्या शिलाईचं नाव निघतं, त्या अकरमच्या बायकोला साधी गुंडी लावता येत नाही, हे इतकी वर्षं दडवणं म्हणजे पोरखेळ नव्हता! गुंड्यांचं काम निघालं की तिचं डोकं दुखायला लागायचं. सासू नूरी कामचोर म्हणायची, ते ती मुकाट ऐकून घ्यायची.

लग्नाआधी चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. पोटात बाळ घडताना नसांचे बारीक तंतू वाट शोधत वाढतात. काही प्रथिनं त्यांना मधल्या रेषेकडे बोलावतात, काही पलीकडे गेलेल्यांना परत फिरू देत नाहीत. म्हणून मेंदूची एक बाजू दुसऱ्या बाजूचा हात चालवते.

"तुझे काही तंतू पलीकडे गेलेच नसावेत, म्हणून एका हाताचा हुकूम दोन्ही हातांना पोचतो. यात कोणाचा दोष नाही. पण लेकरात उतरू शकतं."

"कोणाले सांगू नोको," आईने बाहेर येताच बजावलं होतं.

फरहा झाली, आणि मदीहा लेकीच्या हातांवर डोळा ठेवून जगू लागली. आता फरहा पहिलीत होती. पाटीवर उजव्या हाताने 'क' काढताना तिचा डावा हात मांडीवर 'क' काढायचा.

एका दुपारी ती बाजारातून आली, तर नूरीने नातीचा डावा हात शिलाई मशीनच्या पायाला चिंधीने बांधून ठेवलेला.

"खोड हाय तिची. बांधला का सुटते," नूरी म्हणाली.

मदीहाच्या आईनेही लहानपणी तिचा हात असाच बांधला होता. त्याने खोड सुटली नव्हती, फक्त लपवायची सवय लागली होती.

ती गाठ सोडायला बसली. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने सोडायचं. तिचे दोन्ही हात एकदमच धरत आणि एकदमच सोडत. फरहा रडत होती. मदीहाने दात लावले, तरी गाठ हलेना. अकरम कात्री घेऊन आला आणि तिची बोटं पाहून थबकला.

"खोड नाई ते, अम्मी. माझ्याकडून गेलं तिले," मदीहा म्हणाली.

"मले काऊन नाई सांगितलं?" अकरमने विचारलं.

"सांगितलं असतं, तं आणलं असतं काय मले?"

अकरमने खाली वाकून चिंधी कापली.

सुटलेला हात फरहाने लगेच फ्रॉकखाली लपवला. मदीहाने तो बाहेर काढला, आणि आपलाही.