चालूच राहिलेला माईक

मी माईक बोलतोय. हसू नका. जन्मभर माझ्यातून दुसरेच बोलत आले. मलाही काही म्हणायचं असेल, असं कुणाच्या मनात आलं नाही. माणसं भेटली की एकमेकांना नमस्कार करतात. मला मात्र डोक्यावर टपली मारतात, फुंकर घालतात आणि 'हॅलो, हॅलो' करतात. एवढ्या वर्षांत माझी झालेली विचारपूस ती एवढीच.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तिथलं काही आठवत नाही. जाग आली ती गोव्यातल्या पेडण्यात, शांतारामच्या दुकानात. शांताराम मंडप, दिवे आणि लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा. त्याच्यामुळे मी दशावतारी नाटकं केली, सत्यनारायणाच्या पूजा केल्या, निवडणुकाही केल्या. माझी भाषा मराठी झाली ती त्यामुळेच. राजे, भटजी, राक्षस आणि उमेदवार यांची थुंकी मी सारख्याच निष्ठेने झेलली. चव सारखीच होती, हे मी शपथेवर सांगतो.

एका नाटकात राक्षसाने रागाच्या भरात मला गदा समजून आपटलं. डोक्याला पोचा पडला आणि स्विच बिघडला. पुढे शांतारामच्या मुलाने, रुद्रेशने, बिनतारी माईक आणले आणि मी खोक्यात गेलो. खोक्यात दोन वर्षं काढली. सोबतीला एक फाटका पडदा आणि एक उंदीर. उंदीर बोलका होता, पण त्याला श्रोता लागत नसे.

खोक्यातून मला बाहेर काढलं ते लिंदा टीचरने.

पूर्ण नाव एर्मेलिंदा. वाळपईच्या सरकारी शाळेत तिने आयुष्य घालवलं आणि निवृत्त होऊन चोपड्याजवळच्या आपल्या गावी परत आली. गुडघे दुखतात, स्कूटर मात्र अशी चालवते की कोंबड्या तिला आवाजावरून ओळखतात. गावात एक कपेल, म्हणजे छोटं चर्च, आहे. तिथे रविवारी मुलांची दोत्रीन, म्हणजे धर्मशिक्षणाचा वर्ग, भरतो. तो वर्ग तिने घेतला. शिक्षक मिळत नाही म्हणून तिला बोलावलं होतं. पुढे काय वाढून ठेवलंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुलांसाठी जुना माईक आहे का, असं विचारायला ती दुकानात आली. रुद्रेशने मला पुसून तिच्या हाती दिलं आणि सांगितलं, "टीचर, घेवन वचात हां. पूण हाचो स्विच बंद केलो म्हूण बंद जालो अशें समजू नाका." तिने हो हो म्हटलं आणि ती विसरून गेली.

पहिल्याच रविवारी हजेरी घेताना ती थांबली. मुलं पुढचं नाव येईल म्हणून वाट पाहत होती. तिने विचारलं, "पोदेराची पिएदाद खंय?"

पोदेर म्हणजे पाव भाजणारा. गावात त्याची भट्टी आहे आणि पिएदाद ही त्याची मुलगी. वय तेव्हा बावीस. जन्मापासून तिची बुद्धी सावकाश चालते, जीभ जड आहे. खिडकीत बसून ती सगळ्या गावाला पोळी, उंडे असे तऱ्हेतऱ्हेचे पाव विकते. कोणाला कडक लागतो, कोणाला मऊ, हे तिला तोंडपाठ. पण दोत्रीनला ती कधीच आली नव्हती. लहानपणी आईने तिला दोनदा आणून पाहिलं. तेव्हाच्या फादरने सांगितलं, तिला समजणार नाही, देव तिला असंच स्वर्गात घेईल. आई कोंसू मुकाट्याने घरी गेली.

लिंदा टीचर स्कूटरवर बसली आणि घरोघर फिरली. दोन आठवड्यांत वर्गात पिएदाद आली, ऐकू न येणारा एक मुलगा आला, चाकाच्या खुर्चीतली एक मुलगी आली आणि एका जागी अर्धा मिनिटही न टिकणारा एक पोरगा आला. हा शेवटचा तर पहिल्याच दिवशी वेदीवरच्या फुलदाणीत पाय घालून उभा राहिला.

आताचे फादर दियोनीझ माणूस वाईट नव्हे. घाबरट. देवाला ते भीत, पण त्याहून जास्त कपेलाच्या कमिटीला. त्यांनी टीचरला सुचवलं की या चौघांचा वेगळा वर्ग करावा, बुधवारी, मागच्या खोलीत. मागच्या खोलीत फेस्ताची, म्हणजे कपेलाच्या जत्रेची, तोरणं आणि मोडक्या खुर्च्या होत्या.

टीचर म्हणाली, "वेगळो वर्ग केलो जाल्यार वेगळो देवूय हाडचो पडटलो, फादर. तुमच्याकडेन आसा?"

आणायला दुसरा देव फादरकडे नव्हता. वर्ग एकच राहिला.

त्या वर्गाइतका गोंधळ मी निवडणुकीतही पाहिला नव्हता. टीचरने दहा आज्ञा हातवाऱ्यांनी शिकवल्या. चोरी करू नये हे सगळ्यांना पटकन जमलं. व्यभिचाराला मात्र तिने हात झटकून 'मोठे झाल्यावर' अशी खूण केली. ऐकू न येणारा मुलगा आवाजाच्या डब्यावर तळहात ठेवून गाणं ऐकायचा. बाकीच्या मुलांनी त्याच्याकडून खुणा शिकून घेतल्या आणि मीसच्या, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी, प्रवचन चालू असताना, त्या खुणांनी मागच्या बाकावर गप्पा सुरू केल्या. फादरना एकही शब्द ऐकू येत नव्हता, तरी वर्गाबद्दलची पहिली लेखी तक्रार त्यांचीच.

दुसरी तक्रार आयांची. आमची मुलं मागे पडतात म्हणाल्या. टीचरने विचारलं, कुणाच्या मागे. आणि ती हजेरी घ्यायला वळली.

माझं काम सोपं होतं. टीचरचा नियम असा की माईक ज्याच्या हातात, तोच बोलणार. मध्ये कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने दिवसाचं एक तरी वाक्य बोलायचं. पिएदादच्या हातात मी आलो की मुलं आधी चुळबूळ करत. तिचा एक शब्द यायला एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात उमेदवाराने तीन आश्वासनं दिली असती. पण शब्द यायचा. हातांना तिच्या पिठाचा वास असे. इतकी वर्षं खोटं बोलणाऱ्यांच्या हातात काढल्यावर तो वास मला आवडू लागला.

असं वर्षभर चाललं. मग पहिल्या कुमगाराची यादी निघाली. कुमगार म्हणजे ख्रिस्तप्रसाद. मुलं सात-आठ वर्षांची झाली की तो पहिल्यांदा घेतात, पांढरे कपडे घालून, रांगेत, फोटोसकट. टीचरने यादीत पिएदादचं नाव घातलं. सात वर्षांच्या मुलांच्या रांगेत तेवीस वर्षांची पिएदाद.

फादरनी तो कागद चार दिवस उशाशी ठेवला असावा. त्याला घड्या पडल्या होत्या. शेवटी त्यांनी कळवलं की शनिवारी दुपारी तालमीनंतर पिएदादची परीक्षा घेऊ. टीचरने एकच अट घातली, प्रश्न सगळ्यांना विचारता तोच विचारायचा.

त्या आठवड्यात फेस्ताचे नवेन, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, चालू होते, म्हणून माझी तार कपेलाच्या छपरावरच्या कर्ण्याला जोडलेली होती. आतला डबा बंद, आवाज फक्त बाहेर जाई, थेट नदीपर्यंत. तालीम संपली, मुलं गेली. टीचरने माझा स्विच खाली ओढला आणि मला टेबलावर ठेवलं. स्विच खाली गेला. मी चालूच राहिलो.

मला ओरडून सांगता आलं असतं तर सांगितलं असतं का? खरं सांगतो, नसतं सांगितलं.

पिएदाद बाहेर व्हरांड्यात बसली होती. फादर आधी टीचरशी बोलले, मोकळेपणाने. माझी काही हरकत नाही, पण कमिटीचे प्रेसिडेंट म्हणतात, फोटो बिघडतील. तिला मागच्या बाकावर बसवा म्हणतात. आणि तिने तोंडातून प्रसाद काढून टाकला तर? बिशपना कोण उत्तर देणार? मग थोडं थांबून, प्रेसिडेंट स्वतः भजनात किती बेसूर गातात तरी आपण त्यांना पुढे उभं करतोच ना, हेही ते बोलून गेले. हे सगळं नदीकाठी जाळी विणणाऱ्यांनी ऐकलं, तिठ्यावरच्या चहावाल्याने ऐकलं, आणि प्रेसिडेंटने आपल्या अंगणात आरामखुर्चीवर बसून ऐकलं.

मग पिएदादला आत बोलावलं. फादरनी प्रसादाची चकती हातात घेतली. ती अजून मंत्रलेली नव्हती, नुसतीच पीठ-पाण्याची. पातळ, पांढरी, गोल.

"हें कितें?"

"पाव," पिएदाद म्हणाली.

"तुमचे भट्टीतलो पाव आनी हो पाव, फरक कितें?"

पिएदादने चकती त्यांच्या हातातून घेतली. उलटीसुलटी केली. वास घेतला. बोटांनी दाबून पाहिली. धंद्याचा प्रश्न होता, ती घाई करणार नव्हती.

"फुगूंक ना," ती म्हणाली.

तिठ्यावर केवढं हसू फुटलं ते नंतर कळलं. आत कोणी हसलं नाही. फादरनी घसा साफ केला आणि विचारलं, तें सोड, आनीक कितें?

मला तिचा श्वास ऐकू येत होता. टीचरने एकही शब्द सुचवला नाही. ती खुर्चीचा हात धरून बसली होती. फादरनी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात पिएदाद बोलू लागली, एकेक शब्द भट्टीतून काढून ठेवावा तसा.

"घरचो पाव आमी विकतांव. हो जेजू दिता. सगळ्यांक."

फादरनी मान हलवली. येशू सगळ्यांना देतो, हे उत्तर बरोबर होतं, पुस्तकातल्याहून बरं होतं. त्यांना वाटलं संपलं. ते उठायला लागले.

"म्हाका सोडून," पिएदाद म्हणाली.

ती रडली नाही. तिने तक्रारही केली नाही. खिडकीत बसून एखाद्याचा पाव राहिला की सांगते तसं सांगितलं. फादर अर्धे उठलेले होते, ते तसेच राहिले.

बाहेरून कोणी धावत आलं. कोंसू होती. कोपरापर्यंत पीठ, पायात चप्पल नाही. भट्टी सोडून ती टेकडी चढून आली होती. फादर गोंधळले, हिला कोणी सांगितलं? कोंसूने माझ्याकडे बोट केलं.

"चालू आसा हें?" फादरनी विचारलं, आणि तेही सगळ्या गावाने ऐकलं.

टीचरने मला उचलून तार खेचली. त्याआधी कोंसूचं एक वाक्य मात्र छपरावरून गेलं. "फादर, तिणें जाप दिल्या."

उत्तर दिलं होतंच. फादर खाली बसले. यादी पुढे ओढून घेतली आणि सही केली. प्रेसिडेंट त्या फेस्ताला मुद्दाम पहिल्या रांगेत बसले आणि भजनाचा एक सूरही त्यांनी लावला नाही. त्या वर्षी भजन छान झालं.

कुमगाराच्या दिवशी मी वेदीजवळ उभा होतो, माझ्या स्टँडवर, म्हणून सगळं दिसलं. पांढरा झगा कोंसूने घरीच शिवला होता. पिएदादने प्रसाद घेतला, नीट चावला, गिळला. काढून बिढून काही टाकला नाही. मग बाजूला व्हायचं सोडून ती तिथेच उभी राहिली, हात बांधून, फादरच्या शेजारी. येणाऱ्या प्रत्येकाकडे ती पाहत होती. मुलं झाली, मोठी माणसं झाली, रांग संपली. फादर प्रसादाच्या पात्राला झाकण लावू लागले तशी तिने त्यांची बाही धरली.

शेवटच्या बाकावर कोंसू बसून होती. ती रांगेत आलीच नव्हती. मला तेव्हा समजलं, आणि फादरनाही समजल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, की मुलीला परत पाठवलं त्या दिवसापासून या बाईने स्वतःही प्रसाद घेतला नव्हता. पंधरा वर्षं ती दर रविवारी येत होती आणि बसून राहत होती. कुणी लक्ष दिलं नव्हतं.

पिएदाद मधल्या वाटेने मागे गेली, आईला हाताला धरून पुढे घेऊन आली आणि फादरसमोर उभी केली. कोंसूने नको नको केलं नाही. तिने तोंड उघडलं. फादरनी झाकण बाजूला ठेवलं आणि तिला प्रसाद दिला.

आता माझं सांगतो. म्हातारा झालोय. तारेला तीन ठिकाणी चिकटपट्टी, डोक्यावरचा स्पंज पोरांनी कुरतडलेला. आवाज खरखरतो. कपेलात नवा माईक आलाय, फादरसाठी. मी वर्गाचाच राहिलो. लिंदा टीचरचे गुडघे आता स्कूटरवरही कुरकुरतात, त्यामुळे ती बसून शिकवते आणि मला फिरवायचं काम पिएदाद करते. पाव वाटावा तशी फिरवते. एकालाही वगळत नाही. एकदा फादर वर्गात पाहुणे म्हणून बोलायला आले आणि लांबले, तेव्हा तिने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. टीचरने तिला रागावण्याचं नाटक केलं.

गेल्या महिन्यात आंतोन यायला लागला. सत्तरीचा माणूस. मुरगाव बंदरात सगळं आयुष्य गेलं. अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा जवळजवळ गेली. बायको त्याला मुलांच्या वर्गात आणून बसवते, कारण बाकी सगळीकडे लोक त्याचं वाक्य त्याच्या आधी पुरं करतात. पहिल्या रविवारी पिएदादने मला त्याच्या तोंडासमोर धरलं. ओठ हलले, काही आलं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. फुलदाणीत उभा राहणारा पोरगासुद्धा बसून होता. पिएदादचा हात भरून आला असेल, पण तिने मला खाली घेतलं नाही. शेवटी आंतोनने एक लांब श्वास सोडला. तो माझ्यातून सगळ्या खोलीत गेला.

"उलयलो," पिएदादने वर्गाला सांगितलं. बोलला. आणि ती पुढच्याकडे वळली.

तुमच्याकडेही कोणी असेल, ज्याचं वाक्य यायला वेळ लागतो. थांबा जरा. मी यंत्र असून थांबतो. तुमचं काय जातं? बरं, माझं बोलून झालं. ती बघा पिएदाद हात पुढे करून उभी आहे. मला तिच्याकडे द्या.