पहिल्या फळीतला माणूस

"हात वर कर," मी म्हणाले.

त्याने डावा वर केला.

"हा नाही. दुसरा."

उजवा हात कसाबसा कानापर्यंत आला आणि तिथेच अडला. नवऱ्याच्या वरच्या ओठावर घाम फुटला, तरी म्हणतो कसा, "बघ, आला की नाही?"

"अर्धा आला. उरलेला कधी येणार, पुढच्या वर्षी?"

"तू फक्त पट्टी बांध. आणि कोच आले की तोंडाला पण बांध. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. दुसऱ्यांचे खांदे बांधणे हे माझे रोजचे काम. ह्याचा मात्र दोन महिने चोरून बांधत होते. नवरा वीज कंपनीचे मीटर वाचत दिवसभर लोकांचे जिने चढतो आणि उरलेल्या वेळात देशाच्या संघातून रग्बी खेळतो. चौदा वर्षे झाली. एवढ्या वर्षांत संघाने जिंकलेले सामने मोजायला एक हात पुरतो, आणि अंगठा शिल्लक राहतो. आपला असा काही संघ आहे हेच मुळात कुणाला ठाऊक नाही. सासूबाई तर अजून त्या चेंडूला पपई म्हणतात.

पण नवा कोच आला आणि वारे फिरले. नव्याचे नऊ दिवस, असे मी म्हणाले होते. नऊचे साठ झाले तरी सरावाला कुणी दांडी मारीना. ज्या संघाने आम्हाला दरवेळी धुऊन काढले, त्याच्याशी तीन आठवड्यांनी सामना होता आणि ह्या खेपेला आपण जिंकणार, असे सगळे बिनदिक्कत बोलू लागले होते. नवऱ्याचे वय छत्तीस. खांदा पहिल्याच आठवड्यात गेला.

"एवढा एक सामना," तो म्हणायचा. "मग तू म्हणशील ते."

"मी म्हणते ते तू आजवर कधी ऐकलंस?"

कोचची एक रीत होती. संघ निवडण्याआधी तो प्रत्येक खेळाडूच्या घरी जाऊन यायचा. तिथे काय विचारतो, ते कुणी सांगत नसे. त्या रविवारी आमची पाळी होती. नवऱ्याने सकाळपासून खुर्च्या तीनदा हलवल्या, पंखा पुसला, मग पंख्याखालची फरशी पुसली. सासूबाई शेवटी वैतागून म्हणाल्या, "अरे, माणूस येतोय की तपासणी?"

माणूस आला तो अगदी किरकोळ. फुंकर मारली तर उडेल असा. चपला काढून नीट जोडून ठेवल्या, खुर्चीच्या कडेला बसला आणि नवऱ्याला म्हणाला, "तुम्ही जरा खाली जाऊन या. दहा मिनिटं."

नवरा जाताना माझ्याकडे बघून गेला. विनवणीच होती ती.

"ताई, खेळाडू माझ्याशी खोटं बोलतात," कोच म्हणाला. "मीही माझ्या कोचशी बोलायचो. म्हणून घरी येतो. हा माझ्यापासून काय लपवतोय?"

"माझ्यापासून बिस्किटं लपवतो. तुमच्यापासून काय, ते मला काय माहीत?"

तो हसला नाही. नवरा खाली गेलाच नव्हता. जिन्याच्या वळणावर त्याच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या.

"पहिल्या फळीत तिघं असतात," कोच सावकाश म्हणाला. "एकमेकांना घट्ट धरून, डोकी खाली घालून. समोरून आठ जणांचा रेटा येतो. कडेच्याचा खांदा सुटला तर लागतं मधल्याला. मानेवर येतं त्याच्या."

आमच्या वॉर्डात मान मोडलेला एक रंगारी होता. आठ महिने मी त्याला चमच्याने भरवले होते. आणि आमच्या संघातला मधला म्हणजे पोस्टमन. दर रविवारी घरी येऊन "वहिनी, चहा" म्हणणारा. त्याला त्या पलंगावर बघायची माझी ताकद नव्हती.

"उजवा खांदा," मी म्हणाले. "दोन महिने झाले. बाहेरच उभा आहे तो. त्याला आत बोलवा, मला असं पाठीमागे बोलायचं नाही."

नवरा आत आला. त्याने सगळे ऐकले होते.

"माझ्या जागी कोण?" त्याने विचारले.

"राखीवातला तो बसचा ड्रायव्हर."

"त्याचं कोपर खाली पडतं," नवरा म्हणाला. "मी शिकवतो त्याला."

कोच गेल्यावर सासूबाई एवढेच म्हणाल्या, "आपलेच दात, आपलेच ओठ." कोण दात आणि कोण ओठ, ते मी विचारले नाही. त्यानंतर अठरा दिवस नवरा माझ्याशी "पाणी" आणि "किल्ली" ह्यापलीकडे बोलला नाही. रोज ड्युटीवरून सुटला की मैदानावर जायचा, ड्रायव्हरला घडवायचा आणि येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मी केले ते बरोबरच होते. पण बरोबर असल्याचा मला काडीइतका आनंद नव्हता.

सामना परदेशात होता. टीव्हीवर दाखवत नव्हते, म्हणून आम्ही मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. मी सोफ्याच्या एका टोकाला, तो दुसऱ्या. शेवटची दोन मिनिटे उरली, आम्ही दोन गुणांनी पुढे होतो आणि स्क्रम, म्हणजे दोन्ही फळ्यांची ती डोकी खाली घालून रेटारेटी, लागला तो आमच्याच रेषेजवळ. इथे फळी मोडली की संपले. पडद्यावर पोस्टमनने दोन्ही हात पसरले. ड्रायव्हर त्याच्या डावीकडे येऊन उभा राहिला. नवऱ्याच्या जागी.

नवरा सरकत सरकत माझ्याजवळ आला. त्याचा उजवा हात, तो दुखरा हात, माझ्या पाठीमागून गेला आणि पलीकडच्या बगलेखालचे कापड त्याने मुठीत घट्ट धरले.

"वाक," तो म्हणाला.

मी वाकले. त्याचा खांदा किती दुखत असेल ते मला ठाऊक होते, पण हात सोड असे काही मी म्हणाले नाही. समोरच्यांनी रेटा दिला, एकदा, पुन्हा एकदा. फळी हलली, पण टिकली. मग आमच्यातल्या कुणीतरी चेंडू बाहेर भिरकावला आणि शेवटची शिट्टी झाली.

"जिंकलो का रे?" सासूबाई आतून विचारत होत्या.

त्याचे डोळे पडद्यावरच होते. त्या गर्दीतून पोस्टमन उठला, त्याने मान इकडे तिकडे फिरवली, आणि मगच नवऱ्याने मूठ सोडली.