आईच्या वतीने होकार

सासूबाईंच्या हनुवटीवरून चहा ओघळला की आमच्या ह्यांचं डोकं फिरतं. "आई, तोंड पूस! लहान आहेस का तू?" त्या ओशाळून पदर लावतात. गेल्या हिवाळ्यात ऑपरेशन करून त्यांची दाढ काढली, तेव्हापासून हे सुरू झालं. ह्यांच्या मते वय झालं. दिल्ली कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये चार लोक येतात-जातात, बरं दिसत नाही, म्हणून रविवारी त्यांना गावी नेऊन सोडायचं ठरलं. आमचे हे, उदयसिंह, फौजेत हवालदार आहेत. ठरलं म्हणजे ठरलं. मीही गप्प बसले. मला काय, एक काम कमी.

आज ह्यांचीच अक्कलदाढ काढायची होती. डॉक्टर मॅडमनी हिंदीत सगळं समजावलं आणि विचारलं, "कोई शक?" फौजेत प्रत्येक वर्ग याच प्रश्नाने संपतो आणि त्याचं उत्तर एकच असतं. हे खुर्चीतच ताठ झाले. "नहीं, मॅडम!"

"तो फिर बताइए, मैंने क्या कहा?"

ह्यांना एक वाक्य सांगता येईना. कान लालबुंद झाले. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू.

मॅडमनी न चिडता पुन्हा सांगितलं. दाढेजवळ नस असते. क्वचित ती दुखावते आणि ओठ बधिर होतो, कधीकधी कायमचा. मग चहा ओघळला तरी माणसाला कळत नाही.

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. आईंच्या दाढेच्या वेळीही डॉक्टरांनी हेच "कोई शक?" विचारलं होतं. त्यांना हिंदी येत नाही. ह्यांनी असंच खणखणीत उत्तर दिलं होतं आणि आईंना म्हणाले होते, "मला सगळं समजलंय, तू फक्त ह्या कागदावर अंगठा दे."

दाढ न काढताच आम्ही परत आलो. रस्ताभर ह्यांची मान खाली होती. मलाही लाज वाटत होती. रोज बघत होते, कधी विचारलं नाही.

घरी येताच हे बूटही न काढता आईंसमोर बसले. "आई, तुझा ओठ बधिर आहे?"

"हो की. दाढ काढल्यापासनं."

"मग बोलली का नाहीस?"

आई गोंधळल्या. "तुला सगळं ठाऊक होतं ना? ठाऊक असूनही ओरडतोस, म्हटलं माझंच काहीतरी चुकत असणार."